ह्वांग, वॉंग, उई, वी, ङ्: एका चिनी आडनावाचा प्रकरण अभ्यास

सिंगापूरचे पंतप्रधान लॉरेन्स वॉंग. एनव्हिडियाचे सहसंस्थापक जेन्सन ह्वांग. सिंगापूरचे माजी संरक्षणमंत्री, ज्यांचे नाव मराठी बातम्यांत ‘एनजी एंग हेन’ असे छापून येते. तिथलेच माजी राष्ट्राध्यक्ष वी किम वी. आणि जावा बेटावरच्या सेमारंगचे साखरसम्राट उई तियोंग हाम. या पाचही जणांचे आडनाव एकच आहे. चिनी लिपीत ते एकाच अक्षराने लिहितात. अक्षराचा अर्थ ‘पिवळा’. शाळेच्या भूगोलात आपण ह्वांग हो, म्हणजे पीत नदी, शिकलो, त्यातले ‘ह्वांग’ ते हेच.

आता दुसरी बाजू. आर्टिफिशियल इंटेलिजन्स शिकणारी आपली मुले ज्यांची व्याख्याने ऐकतात त्या अँड्र्यू एनजींचे आडनाव आणि संरक्षणमंत्री एनजींचे आडनाव रोमन लिपीत तंतोतंत सारखे आहे, एन आणि जी अशी दोनच अक्षरे. पण अँड्र्यू यांचे आडनाव मुळात वेगळे. प्रमाण चिनीत त्याचा उच्चार ‘वू’. जुन्या हॉलिवूडची अभिनेत्री ॲना मे वॉंग ही ह्वांग कुळातली, तर हाँगकाँगचे चित्रपट दिग्दर्शक वॉंग कार-वाय यांचे आडनाव ‘वांग’, म्हणजे ‘राजा’ या अर्थाचे अक्षर.

एका आडनावाची पाच-सहा रूपे, आणि एका रूपात दोन-दोन आडनावे, असा हा दुहेरी गुंता आहे. तो उलगडताना मला पदोपदी एक गोष्ट जाणवत गेली. रोमन स्पेलिंग माणसाचे कुळ सांगत नाही. त्याचे पूर्वज कोणती बोली बोलत, कोणत्या बंदरात उतरले आणि तिथल्या नोंदवहीत कोणत्या देशाच्या कारकुनाने नाव लिहून घेतले, एवढेच ते सांगते. आणि हेही काही थोडके नाही.

बुडालेले राज्य, उरलेले नाव

आजच्या हनान प्रांतात, हुआय नदीच्या खोऱ्यात ह्वांगछुआन नावाचा जिल्हा आहे. चौ राजवटीच्या काळात तिथे ह्वांग नावाचे एक छोटे राज्य होते. सीमा छ्यान या इतिहासकाराने यिंग कुळाच्या शाखांची यादी दिली आहे, तीत ह्वांग आहे आणि छिनही आहे. म्हणजे पुढे सगळा चीन एका छत्राखाली आणणारा पहिला सम्राट ज्या मूळ कुळातला, त्याच कुळाची ही एक धाकटी पाती.

या राज्याचा शेवट ‘झुओझुआन’ या प्राचीन बखरीत एका ओळीत नोंदलेला आहे आणि तो वाचताना अजूनही चटका बसतो. दक्षिणेचे छू राज्य बलाढ्य होत चालले होते. ह्वांगच्या लोकांनी उत्तरेतल्या छी राज्याशी झालेल्या मैत्रीच्या भरवशावर छूला खंडणी देणे बंद केले. त्यांचे म्हणणे असे, की छूची राजधानी इथून नऊशे ली लांब आहे, ते आमचे काय वाकडे करणार? नऊशे ली म्हणजे आजच्या हिशेबाने साडेतीनशे-चारशे किलोमीटर. इ.स.पू. 648च्या उन्हाळ्यात छूने ह्वांग राज्य बुडवले. मित्रराज्याची मदत आलीच नाही.

राज्य गेल्यावर तिथल्या लोकांनी राज्याचे नाव आडनाव म्हणून धरले. चिनी आडनावांचा मोठा हिस्सा असाच, बुडालेल्या राज्यांच्या नावांतून आलेला आहे. ह्वांग राज्य खरोखर होते याचा पुरावा केवळ बखरीत नाही. 1983 मध्ये ह्वांगछुआनच्या शेजारच्या क्वांगशान जिल्ह्यात ह्वांगचा एक राजा आणि त्याची राणी यांची जोडथडगी सापडली. आतल्या काशाच्या भांड्यांवर ह्वांगचे नाव कोरलेले आहे. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ओतलेले अक्षर आणि आज सिंगापूरच्या पंतप्रधानांच्या नावातले अक्षर एकच, हे वाचून मी बराच वेळ पुढे सरकू शकलो नाही.

निर्वासितांपैकी बरेच जण दक्षिणेला, आजच्या हुबेई प्रांताकडे गेले. तिथला हान काळातला च्यांगश्या हा परगणा पुढे या आडनावाचे ओळखीचे ठिकाण बनला. त्याचे मोठे श्रेय ह्वांग श्यांग या मुलाला जाते. नऊ वर्षांचा असताना आई गेली. उन्हाळ्यात तो वडिलांची उशी-चटई पंख्याने वारा घालून गार करायचा, थंडीत आधी स्वतः अंथरुणात शिरून ते उबदार करायचा आणि मग वडिलांना निजवायचा. पितृभक्तीच्या चोवीस प्रसिद्ध कथांत याची कथा आहे. मोठेपणी तो हान दरबारात उच्च पदावर पोहोचला. आजही मलेशियात किंवा इंडोनेशियात एखाद्या चिनी घराच्या दारावर किंवा थडग्याच्या दगडावर ‘च्यांगश्या’ ही दोन अक्षरे दिसली, तर आतले लोक ह्वांग आहेत असे बहुधा समजावे. मूळस्थान सांगणाऱ्या या नावाला थांगहाव म्हणतात. या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

दक्षिणेतल्या ह्वांग कुलवृत्तांतांत दहाव्या शतकातल्या ह्वांग छ्याओशान या पुरुषाची गोष्ट हमखास येते. फूच्येन प्रांतातल्या शाओवूचा हा गृहस्थ. तीन बायका, प्रत्येकीचे सात मुलगे, एकूण एकवीस. प्रत्येक बायकोचा थोरला मुलगा घरी ठेवून उरलेल्या अठरांना त्याने घोडा दिला आणि सांगितले, जिथे घोडा थांबेल तिथे घर करा. निरोप देताना आठ ओळींची एक कविता पाठ करायला दिली. परका मुलूख कालांतराने आपलाच होईल, पण सकाळ-संध्याकाळ पूर्वजांना धूप दाखवायला विसरू नका, असा तिचा आशय. पुढे दोन अनोळखी ह्वांग भेटले आणि दोघांना कविता येत असली, तर ते भाऊबंद ठरत. सात-सात मुलांचा हिशेब मला जरा जास्तच नीटनेटका वाटतो, कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांनी तो बसवला असावा. कवितेचेही गावोगाव पाठभेद आहेत. पण ओळख पटवण्याची खूण म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, आणि ही खूण स्पेलिंगवर अवलंबून नव्हती.

सगळेच ह्वांग हनानचे, असे मात्र धरून चालता येत नाही. क्वांगशी प्रांतातल्या च्वांग या मोठ्या जनजातीत हे आडनाव फार आहे. तिथल्या घराण्यांनी चिनी प्रशासनाशी संबंध आल्यावर हे अक्षर स्वीकारले, आणि मागाहून लिहिलेल्या कुलवृत्तांतांत ‘आमचा मूळपुरुष अकराव्या शतकात शांतुंगहून सैन्याबरोबर आला’ अशी वंशावळ जोडून घेतली. आजच्या चीनमध्ये ह्वांग हे सातव्या क्रमांकाचे आडनाव आहे, तीन कोटींहून अधिक लोकांचे. तैवानमध्ये चेन आणि लिन यांच्यानंतर तिसरे. एवढा विस्तार एका छोट्या राज्याच्या रक्ताने झाला असे कोणी म्हटले तर मला ते पटणार नाही.

ङ् आणि उइँ

अक्षर एक राहिले, उच्चार मात्र बोलीबोलीत वेगळे झाले. प्रमाण चिनीत ‘ह्वांग’. कँटनच्या बोलीत ‘वॉंग’. हक्का बोलीत ‘व्होंग’, ज्याचे इंडोनेशियातल्या हक्का वस्त्यांमध्ये ‘बोंग’ झाले. पण सगळ्यात रंजक घडामोड दक्षिण फूच्येनच्या होक्कियन बोलीत आहे. आग्नेय आशियात गेलेले बहुसंख्य चिनी याच किनाऱ्यावरचे.

होक्कियनमध्ये या अक्षराचे दोन उच्चार आहेत. छुआनचौ आणि अमॉय, म्हणजे आजचे श्यामेन, या भागात ‘ङ्’. चांगचौ भागात ‘उइँ’. पहिला उच्चार म्हणजे निव्वळ अनुनासिक, त्यात स्वर नाहीच. इंग्रजी लिपीत असा ध्वनी सुटा लिहायची सोय नाही, म्हणून कारकुनाने एन आणि जी ही दोन अक्षरे शेजारी मांडली आणि जगभरच्या लोकांना ‘एनजी’ म्हणावे की ‘नग’ म्हणावे या पेचात टाकले. आपल्याला हा पेच पडायचे कारण नाही. क ख ग घ ङ मधला शेवटचा, ‘वाङ्मय’ या शब्दाबाहेर फारसा न भेटणारा ङ, तोच हा ध्वनी. ओठ किंचित उघडे ठेवून जिभेची मागची बाजू टाळूला लावायची आणि नाकातून आवाज काढायचा. झाले आडनाव.

‘उइँ’ची गंमत वेगळी. हा उच्चार ऐकून पेनांगच्या इंग्रज अंमलात दोन ओ आणि आय असे स्पेलिंग झाले. डच भाषेत ‘उ’साठी ओ आणि ई लिहितात, म्हणून जावामध्ये तेच नाव ओ-ई-आय झाले. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश वळणाने यू आणि वाय. कागदावर या तीन रूपांत काही नाते दिसत नाही. मोठ्याने वाचली की तिन्ही ‘उई’. मूळ उच्चारातला अनुनासिक तिघांनीही गाळला, कारण त्यांच्याकडे चंद्रबिंदू नव्हता. आणि मलाक्का-सिंगापूरकडे त्याच उच्चाराला डब्ल्यू लावून ‘वी’ लिहिले गेले.

वी किम वी यांचे नाव या गोंधळाचा उत्तम नमुना आहे. 1985 ते 1993 या काळात ते सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या नावात ‘वी’ दोनदा येते आणि दोन्हींचे रोमन स्पेलिंग एकच आहे. पण पहिले ‘वी’ म्हणजे ह्वांग हे आडनाव, शेवटचे ‘वी’ म्हणजे ‘तेज’ या अर्थाचे निराळे अक्षर. प्रमाण चिनीत पूर्ण नाव ह्वांग चिनहुई. नुसत्या रोमन स्पेलिंगवरून हे कळायला काहीही मार्ग नाही.

असे आपल्याकडेही झाले आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे इंग्रजी कागदपत्रांत ‘सिंदिया’ झाले, तेही एस-सी ने सुरू होणारे, आणि आता त्यावरून उलट हिंदीत ‘सिंधिया’ रूढ झाले. घराणे मात्र साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचेच.

दोन वॉंग

कँटनच्या बोलीत ‘ह्वांग’ आणि ‘वांग’ या दोन वेगळ्या आडनावांचा उच्चार अगदी एक झाला, सूरसुद्धा एक. चीनमधली ही दोन मोठी आडनावे, त्यामुळे गल्लत रोजचीच. हाँगकाँगमध्ये कोणी ‘वॉंग’ म्हटले की विचारतात, ‘तीन रेघांचा की मोठ्या पोटाचा?’ ‘राजा’ या अक्षरात तीन आडव्या रेघा असतात. ‘पिवळा’ या अक्षराच्या मधोमध फुगलेला चौकोन असतो, ते त्याचे पोट. शांघायकडच्या बोलीतही हे दोन उच्चार एकच आहेत. तिथे ‘तीन आडव्या रेघांचा’ आणि ‘गवताच्या डोक्याचा’ असे सांगतात, कारण अक्षराचा माथा गवताच्या चिन्हासारखा दिसतो. बोलताना हे चालते. पासपोर्टवर रेघा आणि पोट दोन्ही गायब होतात.

या आडनावाचा इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद अमेरिकेतला आहे. वॉंग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी. 1895 मध्ये चीनची फेरी करून परतला तेव्हा त्याला बोटीतून उतरू दिले नाही. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला मनाई करणाऱ्या ‘चिनी बंदी कायद्या’चा काळ होता. तो कोर्टात गेला. 28 मार्च 1898 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की अमेरिकेत जन्मलेला म्हणून तो अमेरिकेचा नागरिक आहे. जन्मावरून नागरिकत्वाचा आजचा सगळा वाद त्याच्या नावाशी येऊन थांबतो. तो ह्वांग होता, मोठ्या पोटाचा वॉंग.

त्यानंतर अमेरिकेतली आडनावे आणखी बेभरवशाची झाली. 1906च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी जळाल्या. अनेकांनी ‘मी इथेच जन्मलो’ असे सांगितले आणि चीनमधून मुले आणण्याचा हक्क मिळवला. मग हा हक्क विकला जाऊ लागला. दुसऱ्याचा मुलगा म्हणून कागदोपत्री आलेल्यांना ‘कागदी मुलगे’ म्हणत. म्हणजे अमेरिकेतला एखादा वॉंग दोन्हींपैकी कोणताच नसेल, आणि खरा ह्वांग भलत्याच आडनावाखाली तीन पिढ्या नांदत असेल.

वॉंग किम आर्कचे कुटुंब मूळचे कँटनजवळच्या तैशानचे. तैशान धरून चार तालुक्यांच्या त्या पट्ट्याला स्थानिक बोलीत ‘सी यप’, म्हणजे ‘चार तालुके’, म्हणतात. मुंबईकरांना हे नाव परके नाही. माझगावला नवाब टँकच्या भागात 1919 सालचे सी यप कून हे चिनी देऊळ उभे आहे. गोदीशी जोडलेली ती वस्ती त्याच चार तालुक्यांतून आलेल्यांची. देवळाच्या नावातसुद्धा प्रमाण चिनीतले ‘सयी’ नाही, गावाकडचे ‘सी यप’ आहे.

मकावमध्ये पोर्तुगीज कारकुनाकडे डब्ल्यू नव्हता, म्हणून ‘वॉंग’ला तिथे व्ही लागला, तोही दोन्ही वॉंगांना. हे मकाव 1844 पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होते. त्याच पोर्तुगीज वळणाने गोव्यातल्या कामतांचे ‘कामोतीम’ झाले आणि नाईकांच्या शेवटी क्यू-यू-ई आले.

राजाचे नाव आणि सरकारचा हुकूम

स्पेलिंग बदलते ते नेहमी कारकुनामुळेच असे नाही. व्हिएतनाममध्ये हे अक्षर ‘होआंग’ असे वाचतात आणि आडनाव म्हणून ते तिथे सर्रास आहे, बहुतेक सगळे व्हिएतनामीच. सोळाव्या शतकात दक्षिणेकडे ज्याने सत्ता उभी केली त्या सरदाराचे नाव न्गुयेन होआंग. सत्ताधीशाचे नाव प्रजेने उच्चारायचे नाही, असा दंडक. म्हणून दक्षिणेतल्या होआंग लोकांनी आडनाव ‘हुइन्ह’ केले. उत्तरेत तो दंडक पोहोचला नाही, तिथे होआंगच राहिले. 1946 मध्ये हो ची मिन्ह फ्रान्सला गेले असताना ज्यांनी हंगामी राष्ट्राध्यक्षपद सांभाळले ते हुइन्ह थुक खांग मध्य व्हिएतनामचे होते, म्हणजे न्गुयेन सरदारांच्या मुलखातले.

इंडोनेशियात तर आडनावच लपवावे लागले. 1965च्या हत्याकांडानंतर चिनी असणे धोक्याचे झाले, आणि डिसेंबर 1966च्या सरकारी निर्णयाने चिनी वंशाच्या नागरिकांना इंडोनेशियन नावे घेण्याचे आवाहन केले. कागदावर आवाहन, प्रत्यक्षात दडपण. लोकांनी यातही वाट काढली. छुआनचौत जन्मलेला आणि लहानपणी सुलावेसीला आलेला उई एक च्योंग हा पुढे सिनार मास उद्योगसमूहाचा संस्थापक एका चिप्ता विजाया झाला. नाव नीट बघा. ‘एक’चे ‘एका’, ‘च्योंग’मधल्या च चा ‘चिप्ता’, आणि ‘उई’च्या जागी व ने सुरू होणारे ‘विजाया’, म्हणजे आपला संस्कृत ‘विजय’. तिन्ही आद्याक्षरांचे आवाज त्याने जपून ठेवले. जारुम सिगारेट आणि बॅडमिंटन क्लबमुळे ओळखले जाणारे हार्तोनो बंधूही मूळचे उई, पण त्यांच्या नव्या आडनावात जुन्याचा मागमूस नाही. या लोकांना आपले नाव सोडावे लागले याचे मला मनापासून वाईट वाटते.

गुंता सोडवायचा कसा

एखाद्या ‘वॉंग’, ‘एनजी’ किंवा ‘विजाया’चे मूळ आडनाव ठरवायचे असेल तर पहिला प्रश्न अक्षराचा. आजी-आजोबांच्या थडग्यावर, लग्नपत्रिकेवर, जुन्या पत्राच्या पाकिटावर ते सापडते. थडग्याचा दगड सर्वांत खात्रीचा, कारण कागदी मुलगासुद्धा मरताना अनेकदा खरे नाव कोरून घेत असे. अक्षर वाचता येत नसेल तर थांगहाव विचारावे: च्यांगश्या असेल तर ह्वांग, थाययुआन असेल तर बहुधा वांग, यानलिंग असेल तर वू. मग घरातली बोली. कँटनी घरातला एनजी म्हणजे वू, होक्कियन किंवा तिच्या शेजारच्या तेओच्यू बोलीच्या घरातला एनजी म्हणजे ह्वांग, हा ठोकताळा बऱ्यापैकी टिकतो. ‘वॉंग’ला तो लावू नये. 1901 मध्ये फूचौचे शेतकरी घेऊन आजच्या मलेशियातल्या सारावाकच्या सिबूला वसाहत करणारे वॉंग नाय सियोंग कँटनी नव्हते, आणि लॉरेन्स वॉंग यांचे वडील हैनान बेटावरचे.

प्रमाण चिनी रोमन लिपीत लिहायची पिनयिन ही पद्धती 1958 मध्ये आली, पण तिने ही जुनी रूपे पुसली नाहीत. सिंगापूरने 1980च्या दशकात शाळांत पिनयिन नावे रुजवायचा प्रयत्न केला तेव्हा पालक नाराज झाले. बापाचे आडनाव एक आणि मुलाचे दुसरे, हे कोणाला रुचेल? शेवटी आडनाव बोलीतले आणि नाव पिनयिनमधले, अशी तडजोड पुष्कळ घरांनी स्वीकारली. मला ती योग्य वाटते.

मराठीत लिहिताना आपण काय करावे? ज्या माणसाने स्वतःसाठी जे रूप धरले आहे तेच उच्चाराप्रमाणे लिहावे: लॉरेन्स वॉंग, जेन्सन ह्वांग, उई तियोंग हाम. लॉरेन्स वॉंगना ‘ह्वांग’ करणे म्हणजे त्यांच्या घराची एक पिढी खोडणे होईल. ‘एनजी’ मात्र सोडून द्यावे, ते आद्याक्षरांसारखे दिसते. आपल्या लिपीत ङ् आहे तर ‘ङ् एंग हेन’ आणि ‘अँड्र्यू ङ्’ असे बिनधास्त लिहावे. विश्वकोशाची किंवा पुस्तकाची सूची करणाऱ्यांनी वी, उई, हुइन्ह या प्रत्येक नोंदीपुढे ‘पाहा: ह्वांग’ एवढे जोडले तरी वाचकाची सोय होईल. ‘ङ्’ आणि ‘वॉंग’ या दोन नोंदींना मात्र प्रत्येकी दोन पोटनोंदी लागतील: ‘ङ्’खाली ह्वांग आणि वू, ‘वॉंग’खाली ह्वांग आणि वांग, आणि कोणता माणूस कोणत्या पोटनोंदीत जातो हे त्याचे चिनी अक्षर पाहूनच ठरवावे लागेल.